खांबावरचा फोन

बहिरूच्या फोनला सरपंचानं धडक दिली. सरपंच म्हणजे एडका, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर उगाच राजकारण व्हायचं. कळपाच्या पुढंपुढं चालायचं, ऐकायचं कुणाचंच नाही आणि पेंडीचं घमेलं दिसलं की सगळ्यात आधी हजर, म्हणून त्याचं नाव सरपंच. गावच्या खऱ्या सरपंचांना हे ठाऊक होतं. त्यांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही; उलट गेल्या पंधरा ऑगस्टला एडक्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढून घेतला.

तर झालं असं. बहिरूची वस्ती घाटघरच्या रस्त्याला. तिथं फोनला रेंज मिळते ती फक्त एका ठिकाणी, मेंढरांच्या कुंपणाच्या कोपऱ्यावरच्या खांबाला, छातीइतक्या उंचीवर. वीतभर इकडं सरकलं की रेंज गेली. म्हणून फोन कापडी पिशवीत घालून त्या खांबालाच टांगलेला असायचा. बोलायचं झालं तर माणसानं खांबाला गाल लावून बोलायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा खांबाला घरातलं काहीतरी सांगतोय.

दिवाळीच्या पाडव्याला एडक्याची शिंगं गेरूनं रंगवली होती, त्यामुळं गडी आधीच माजात. तेवढ्यात फोन आला. मत कुणाला द्यायचं ते सांगणारा, रेकॉर्ड केलेला. पिशवी थरथरली. सरपंचाला आपल्याशिवाय दुसरं कुणी हललेलं खपत नाही. तो दहा पावलं मागं गेला, मान खाली घातली आणि आला. पिशवी शिंगाच्या आणि खांबाच्या मधोमध सापडली, तिथून उडाली ती खालच्या धोंड्यावर.

फोन मेला असता तर बरं झालं असतं. तो वाचला. फक्त त्याची अक्कल गेली.

हात लावला तर ढिम्म हलायचा नाही, आणि हात काढला की वाटेल ते करायचा. भर दुपारी बॅटरी पेटवायचा. पिशवीच्या आतला अंधार पाहून त्याचे पाचपन्नास फोटो काढायचा. मधूनच कुणाला तरी लावायचा नि ते बोलायला लागले की कापायचा. आवाज जो एकदा मोठा झाला तो कमी होईना, आणि बंद करावा म्हटलं तर बंद करायलाही काचेवरच बोट लावायचं होतं. पण हे सगळं परवडलं. खरं दुखणं वेगळंच होतं. दिवसातून पंधरा-वीस वेळा, मनाला येईल तेव्हा, फोन मोठ्यानं विचारायचा, "दादा, जेवला का?"

आवाज गोरक्षचा होता. गोरक्ष म्हणजे बहिरूचा एकुलता एक पोरगा.

होळीच्या दुसऱ्या दिवशी गोरक्ष चाकणला कंपनीत लागला. लागला तर लागला, बहिरूची त्याला ना नव्हती. पण निघताना पोरगं उंबऱ्यात उभं राहून म्हणालं, "दादा, मेंढरं काढून टाका आता. तुमचं गुडघं गेलं. बिबट्या रोज वस्तीवरनं जातोय. कुणासाठी करताय येवढं?"

बहिरू म्हणाला, "तुझ्यासाठी करत व्हतो. आता सरपंचासाठी करीन. तू जा. तितं कॅन्टीनमधी जेव. तुला कुणी जेवला का म्हणून इचारायचं न्हाई तितं. आन् मलाबी तू इचारू नको."

माणूस बोलून जातो. जीभ काय, हाड नसलेली. गोरक्ष गेला, आणि त्याच संध्याकाळी फोनवर त्याचा आवाज येऊन पडला. तीन सेकंदांचा. बहिरूला वाचता येत नाही हे पोराला ठाऊक, म्हणून बोलून पाठवलेला. विचारू नको म्हटलं होतं, नेमकं तेच विचारलं होतं. "दादा, जेवला का?"

पहिल्या दिवशी बहिरूनं रागानं उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी राग नव्हता, पण ताठा होता. आठवड्यानं ताठाही उतरला, पण तोवर पंचाईत झाली. जेवला का, या प्रश्नाला माणूस आठवड्यानं काय उत्तर देणार? जेवलो म्हणावं, तर मधले सहा दिवस काय उपाशी होता? महिना झाला, दोन झाले, आठ झाले. जितका उशीर झाला तितकं ते एका शब्दाचं उत्तर जड होत गेलं. गोरक्षनंही पुन्हा काही पाठवलं नाही. तो दर रविवारी आईच्या बटणाच्या फोनवर बोलायचा. मग चिमाबाई घरात येऊन सांगायची, "गोरख इचारत व्हता."

"काय?"

"तुमचं."

"सांग, बरा हाय."

बाप-लेकाचं एवढंच. बहिरूला पोराशी बोलायचं होतं, जीव तुटत होता त्याचा. पण आठ महिन्यांचा मुका माणूस तोंड उघडणार कुठून? आणि आता हा फुटका फोन तोच प्रश्न चारी दिशांना ऐकू जाईल असा ओरडून विचारत होता.

त्यानं फोन बाजरीच्या कणगीत पुरून पाहिला. कणगीतून आवाज आला, "दादा, जेवला का?" रस्त्यानं जाणारे थांबून बघायला लागले. शेवटी काय करणार, बहिरू वैतागून उत्तर द्यायला लागला. "जेवलो रं बाबा, जेवलो!" दोन-चार दिवसांत त्याची जीभ सैल झाली. "जेवलो. भाकर न् मेथी. तुझ्या आयनं मीठच घातलं न्हाई." "न्हाई अजून. सरपंच लंगडतोय, त्येचा पाय बघतोय." प्रश्न आला की उत्तर निघतंच. आणि फोनाला उत्तर देण्यात कसला आलाय कमीपणा?

तरी लोकांत शोभा होत होती. बहिरू म्हणाला, "जुन्नरला जाऊन दुरुस्त करून आणतो."

"कशाला?" चिमाबाई म्हणाली. "चालतोय की."

ही बाई एरवी फोनला अवदसा म्हणायची. आणि आता तीच तो फोन रोज सकाळी सोलरवर लावत होती, पदरानं पुसत होती नि आठवणीनं खांबाला नेऊन टांगत होती. बहिरूला नवल वाटलं, पण त्यानं विचारलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात तो एक गोष्ट शिकला होता. चिमाबाईला 'का' म्हणून विचारायचं नाही, कारण ती सांगत बसते.

अशात कुशाबा वारला.

कुशाबा बहिरूचा जुना दोस्त. दर साली बहिरूची मेंढरं खतासाठी त्याच्याच रानात बसायची. त्याचा पोरगा भागू त्याच घरात, पण चुली दोन. मधल्या भिंतीपलीकडं बाप, अलीकडं लेक, आणि काहीतरी बांधावरच्या आंब्यावरून दोघांचं बोलणं बंद. म्हातारा स्वतःची भाकरी स्वतः थापायचा. गेला तो दोन दिवसांनी कळलं, तेही शेजारणीला.

दहावा कुकडीच्या काठी होता. घाटावरून जुन्नर जवळ, म्हणून बहिरूनं फोन फडक्यात गुंडाळून बंडीच्या खिशात घातला. दहावा उरकला की तसंच दुरुस्तीला टाकू.

दहाव्याला हजार माणूस. आधी प्रवचन झालं. मग श्रद्धांजलीची भाषणं झाली, सहा. त्यातल्या चौघांनी कुशाबाला पाहिलंही नव्हतं, पण तालुक्याची भरून न येणारी हानी झाल्याबद्दल सहाही जणांचं एकमत होतं. मग पिंड ठेवले. भाताशेजारी म्हाताऱ्याच्या आवडीचं सगळं मांडलं, भजी, चहाचा कप, तंबाखूची पुडी. माणसं मागं सरली आणि कावळ्याची वाट बघू लागली.

कावळे समोरच्या जांभळीवर होते, सातआठ. एकही खाली उतरेना.

भागूनं हात जोडले. "आबा, आंबा तोडणार न्हाई." कावळे गप्प. "आबा, पुतणीचं लगीन मी करीन." काही नाही. "आबा, तुमचं कुत्रं मी सांभाळीन." एका कावळ्यानं पंख खाजवले. अर्धा तास गेला. ऊन डोक्यावर आलं. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. हजार माणूस असं गप, की नदीचं पाणी ऐकू यावं.

आणि बहिरूच्या खिशातून, पूर्ण आवाजात, "दादा, जेवला का?"

बहिरूला वाटलं, भुई फाटेल तर बरं. त्यानं खिसा दाबला. फोननं पुन्हा विचारलं, "दादा, जेवला का?"

जांभळीवरून एक कावळा उतरला. तुरुतुरु चालत आला, भजं बाजूला सारलं आणि भाताला शिवला. मग बाकीचेही उतरले.

कुणी हसलं नाही. भागू मटकन खाली बसला आणि हजार माणसांत हंबरडा फोडून रडला. "येवढंच इचारायचं व्हतं गं माये! एका घरात व्हतो नि येकदा इचारलं न्हाई!" त्याला धरून उठवावं लागलं.

बहिरू एका बाजूला उभा राहिला. त्याच्या मनात एकच गोष्ट आली आणि ती काही केल्या जाईना. गोरखच्या प्रश्नाला कावळ्यानं दोन हाकांत उत्तर दिलं, आणि आपण आठ महिने दिलं नाही.

माणसं पांगताना गावातला धर्माजी आडवा आला. "बहिरूभाऊ, गुरुवारी आमच्या चुलत्याचा दहावा हाय. येवढा फोन घेऊन या."

"दुरुस्तीला टाकतोय."

"मग शुक्रवारी टाका की राव. माणूस लई हट्टी व्हतं. कावळं साधं न्हाई उतरायचं."

बहिरूनं रामराम केला आणि तडक जुन्नरची जीप धरली.

जुन्या स्टँडजवळ शौकतभाईंचं दुकान. शौकतभाई पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे, आता नजर कमी झाली म्हणून गल्ल्यावर बसतात आणि मोबाईलचं काम त्यांची मुलगी झेबा करते. तिनं फोन हातात घेतला, काच बघितली, पुन्हा बहिरूकडं बघितलं.

"मामा, गाडी गेली का यावरून?"

"न्हाई. सरपंचानं मारलं."

झेबानं वर पाहिलं.

"एडका हाय," बहिरू म्हणाला.

"असं," म्हणून तिनं वायर लावली. थोडा वेळ ती नुसती बघत बसली. फोन आपला आपण काहीबाही उघडत होता, मिटत होता. मग तिनं विचारलं, "गोरक्ष कोण?"

"पोरगं माझं."

"त्याला रोज एवढं काय पाठवता?"

"मी? मला कुठं येतंय पाठवाया?"

झेबानं काच त्याच्याकडं वळवली. खालपासून वरपर्यंत एकाखाली एक पट्ट्या, संपता संपेनात. "दिवाळीपासून तीनशे बारा, मामा. सगळे तुमच्या फोनवरून गेलेत. आणि ह्या निळ्या खुणा दिसतात? म्हणजे त्यानं ऐकलेत. एकही सोडलेला नाही."

बहिरूला काही उमजेना. तेव्हा तिनं नखानं दाखवलं. काच जिथं जास्त पिचली होती, बोलून पाठवायचं बटण नेमकं तिथंच येत होतं. फोनला वाटत होतं, कुणाचं तरी बोट तिथं दाबलेलं आहे. मग तो ऐकू येईल ते टिपून घ्यायचा, बोट उठल्यासारखं वाटलं की पाठवून द्यायचा. थोडी वर दुसरी चीर होती, ती पोराच्या जुन्या आवाजावर. "म्हणजे हा स्वतःच विचारतो आणि तुम्ही जे बोलता ते त्याला कळवतो," झेबा म्हणाली. "असला बिघाड मी पहिल्यांदा बघतेय."

"काय काय गेलंय?" बहिरूनं विचारलं.

तिनं एक लावला. नुसत्या घंटा आणि मेंढरांचं बेंबाटणं. दुसरा लावला. त्यात बहिरू सरपंचाला शिव्या देत होता, त्याही अशा की शौकतभाईंनी गल्ल्यातली चिल्लर उगाच खाली-वर केली. तिसरा लावला.

"जेवलो न्हाई रं आज," बहिरूचाच आवाज म्हणाला. "कुशाबा गेला, गोरख. भिंतीपल्याड लेक आसून दोन दिस कुणाला कळलं न्हाई. मला लई भ्या वाटलं रं. तुला जा म्हणालो ते रागानं म्हणालो. तू घरला ये म्हणत न्हाई मी. पण इचारत ऱ्हा."

बहिरूनं हे खांबाला कपाळ टेकवून म्हटलं होतं. आसपास कुणी नाही हे बघून म्हटलं होतं. खांब कुणाला सांगत नाही, या भरवशावर.

झेबानं फोन हळूच खाली ठेवला. बहिरू म्हणाला, "पोरी, तुझ्या फोनवरनं आमच्या मंडळींना लाव."

चिमाबाई खांबापाशीच असावी, लगेच बोलली. बहिरूनं विचारलं, "तुला ठाव व्हतं?"

"काय?"

"समदं पोराकडं जातंय ते."

"भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसापासनं ठाव हाय."

"मग सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं आसतं तर तुमी तोंड मिटलं आसतं," चिमाबाई म्हणाली. "गोरखनंच बजावलं. म्हणला, आये, मी कायबी बोललो तर दादा गप व्हत्याल, म्हणून मी बोलत न्हाई, नुसतं ऐकतो. दुपारच्या सुट्टीत कॅन्टीनमधी ताटापुढं फोन ठिवतो. तुमी जेवलो म्हणला की मग घास घेतो."

बहिरूनं फोन झेबाला परत दिला. पागोट्याच्या शेवानं तोंड पुसलं, डोळे पुसले, आणि खिडकीतून स्टँडवरच्या गाड्या बघत राहिला. शौकतभाईंनी न विचारता चहा सांगितला.

"मामा," झेबा म्हणाली, "काच बदलली की हे सगळं थांबेल. आपोआप विचारणार नाही, आपोआप पाठवणारही नाही. बदलू? की राहू दे?"

चहा येऊन निवला तरी बहिरूनं कप उचलला नाही. राहू दे म्हणणं सोपं होतं. फोन विचारत राहिला असता, आपण खांबाशी बडबडत राहिलो असतो, पोरगं जेवत राहिलं असतं. पण डोळ्यांपुढून भागू हलेना. मटकन बसलेला, तोंड वेंगाडून रडणारा भागू.

"बदल," तो म्हणाला. "फुटक्या फोनाच्या जिवावर किती दिस बाप व्हायचं?"

काम तासाभराचं होतं. निघताना झेबानं त्याचं बोट धरून काचेवर ठेवलं. "इथं दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं. सोडलं की गेलं."

बहिरूनं तिच्यासमोर चार वेळा करून पाहिलं. त्यात शौकतभाईंना चार वेळा रामराम गेला. त्यांनी समोर बसूनच चारही ऐकले आणि चारही वेळा मान हलवली.

वस्तीवर आला तेव्हा दिवस कलला होता. मेंढरं कुंपणात शिरत होती, सरपंच अर्थातच सगळ्यांच्या आधी. फोन गप्प होता. सबंध वाटेत त्यानं एकदाही काही विचारलं नव्हतं, आणि त्या शांततेनं बहिरूला चुकल्या-चुकल्यासारखं झालं होतं. तो खांबापाशी गेला. चिमाबाई दारात भाकरीच्या पिठाचे हात घेऊन उभी राहिली, काही बोलली नाही. त्या बाईनं न बोलणं ही मोठी गोष्ट होती.

बहिरूनं दाखवल्याप्रमाणं बोट दाबून धरलं. काय म्हणायचं ते वाटेतच ठरवलं होतं, तीनच शब्द. 'गोरख, जेवलास का?' जीपमध्ये तो ते वीस वेळा मनात म्हणाला होता. आता काचेवर आकडे पळायला लागले आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना. घंटा वाजत होत्या. एक कोकरू आईला शोधत ओरडत होतं. बहिरूनं एकदा श्वास घेतला, एकदा सोडला. सरपंच येऊन त्याच्या मांडीला डोकं घासायला लागला. त्या धक्क्यानं बोट सुटलं.

गेलं. चौदा सेकंद, आणि त्यात बहिरूचा एकही शब्द नाही.

"हात् तिच्या," बहिरू म्हणाला. आठ महिने गेले, जीप झाली, काच झाली, आणि पोराला काय पाठवलं, तर मेंढरं. त्यानं परत दाबायला बोट उचललं, तेवढ्यात फोन वाजला. खालून एक पट्टी आली, दोन सेकंदांची. या वेळी ती आपली आपण वाजली नाही. वाट बघत थांबली. बहिरूनं स्वतःच्या बोटानं ती दाबली.

"जेवलो, दादा," गोरक्ष म्हणाला.